बोटांचा गेटपास

सकाळच्या शिफ्टची मीटिंग शेडच्या दारात व्हायची. आम्ही बायका रांगेत उभ्या. डबा हातात, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली. सुपरवायझरनं माझ्याकडे बोट केलं.

"ए बाई. इधर आ. सामने."

मी पुढे गेले. त्याच्या हातात तार होती आणि तारेत ओवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. सगळा रिजेक्ट माल. वाकडा, चिरलेला, कडा निघालेला. आदल्या दिवशी माझं टारगेट कमी भरलं होतं. त्यानं ती माळ माझ्या गळ्यात घातली आणि रांगेकडे बघून म्हणाला, "टाळ्या वाजवा. बाईचा सत्कार आहे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना का दोष देऊ? आदल्या आठवड्यात दुसरीच्या गळ्यात माळ होती तेव्हा मीही वाजवल्या होत्या. जोरात वाजवल्या होत्या, साहेबाला ऐकू जाव्यात म्हणून.

"आता बोल," तो म्हणाला. "मी कंपनीचं खाते आणि कंपनीला बुडवते. बोल."

मी बोलले.

"आवाज नहीं आया."

मी पुन्हा बोलले. मोठ्यानं. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती माळ गळ्यात घालूनच पत्रा कापायची प्रेस चालवली. पत्र्याच्या कडा मानेला घासत होत्या. खाली वाकलं की माळ पुढे झुलायची आणि प्रेसच्या तोंडाकडे जायची. मी एका हातानं माळ छातीशी दाबून धरायचे. घरी गेल्यावर माय म्हणाली, "मानीले काय झालं वं?" मी म्हटलं, घामोळं आलं.

खोटं बोलायची सवय गरिबाला लवकर लागते. आणि ती आपण आपल्याच माणसांशी आधी वापरतो.

आमची कंपनी हिंगण्याच्या एमआयडीसीत. नाव सांगत नाही, नावानं फरक पडत नाही. तिथे दोन शेड आहेत. एक नंबर शेडमध्ये परमनंट माणसं. निळा शर्ट, कंपनीची बस, कॅन्टीनमध्ये बसून जेवण. त्यांची युनियन आहे, मान्यताप्राप्त. दोन नंबर शेडमध्ये आम्ही, ठेकेदाराच्या बायका. म्हणजे ठेकेदारानं आणलेल्या. बोलताना मात्र सगळे 'ठेकेदाराच्या बायका' असंच म्हणायचे आणि हसायचे. आम्हाला शर्ट नाही, बस नाही. जेवण शेडच्या मागच्या भिंतीला टेकून. परमनंटच्या गळ्यात माळ घालायची सुपरवायझरची हिंमत नव्हती. एकदा घालून बघायची होती त्यानं. एक नंबर शेड पाच मिनिटांत बंद पडली असती.

हे मला दिसत होतं. पण त्याचा अर्थ लागत नव्हता. मला वाटायचं, ते पुरुष आहेत, शिकलेले आहेत, म्हणून. आणि युनियन या शब्दाचा मला रागच होता. माझा बाप गिरणीत होता. मीटिंग, मोर्चा, गेटसभा यात त्याचं आयुष्य गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा तो ओट्यावर बसला तो मरेपर्यंत तिथेच बसला. माय म्हणायची, "युनियननं खाल्लं तुया बापाले." मी तेच ऐकत मोठी झाले. ज्या दिवसांत घरात दोन्ही वेळ चूल पेटली, मला शाळेची चप्पल मिळाली, बाप साहेबासमोर खुर्चीवर बसून बोलला, ते दिवस कुणी आणले होते, हे मायनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता प्रेसचं सांगते, कारण सगळं तिथूनच झालं.

पॉवर प्रेसला खाली डाय असते, म्हणजे साचा, आणि वर पंच, म्हणजे पत्र्यावर आदळणारा ठोकळा. मधे पत्रा ठेवायचा. दोन बाजूंना दोन हिरवी बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पंच खाली येतो. कारण साधं आहे. दोन्ही हात बटणावर असले की एकही हात डायमध्ये नसतो. ज्यानं ही मशीन बनवली त्यानं निदान एवढा विचार केला होता.

पण दोन्ही हातांनी पत्रा ठेवा, दोन्ही हात बाहेर काढा, दोन्ही बटणं दाबा, पुन्हा पट्टी काढा. यात वेळ जातो. वेळ गेला की माळ.

डाव्या बटणात काहीतरी ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं तर? मग उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं माल. काम दीडपट. हा शोध मी लावला. माझ्या घरी एक मोडकं लाटणं होतं. त्याची मूठ सुरीनं थोडी तासली. बटणाभोवती लोखंडी कडं होतं, त्यात ती मूठ अशी बसली की जणू त्यासाठीच घडवलेली. पहिल्या दिवशी माझं टारगेट जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात पूर्ण झालं. मी पायावर पाय टाकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये बसले.

बायका भोवती जमल्या. "कशी केली वं? आमालेबी सांग ना."

मी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. मला फार मिरवायला आवडलं, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत आमच्या शेडमधल्या बायकांच्या घरची निम्मी लाटणी बिनमुठीची झाली. कुणाचा नवरा जाड पोळीवरून भांडला, कुणाच्या सासूनं लाटणं शोधत घर पालथं घातलं. आम्ही भिंतीला टेकून जेवताना यावर पोट धरून हसायचो. त्या मुठीला आम्ही खुटी म्हणायचो. सकाळी आल्यावर आधी खुटी ठोकायची, मग मशीन चालू.

सुपरवायझरनं पाहिलं. पाहणारच. तो माझ्या मशीनशी थांबला, खुटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "क्या बात है. बाई के पास दिमाग है." आणि गेला. महिना संपला आणि फळ्यावर नवं टारगेट लागलं. खुटी ठोकून जेवढं निघायचं, तेवढं आता टारगेट. खुटीशिवाय ते कुणालाही जमणार नव्हतं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ही म्हण शाळेत पाठ केली होती. दहावी पास आहे मी. तरी कळली नाही.

सुनंदा त्यानंतर आली. हिंगण्यापलीकडच्या गावातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. घरी थोडी शेती, नवरा शेतात, हातात पैसा नाही म्हणून ही कंपनीत. मला ताई म्हणायची. माझ्या शेजारची मशीन तिला मिळाली. हात चांगला चालायचा तिचा, पण ती नियमानं दोन्ही बटणं दाबायची. भीती वाटते म्हणायची. तिसऱ्याच दिवशी तिच्या गळ्यात माळ पडली. "मी कंपनीचं खाते" एवढंच म्हटलं तिनं आणि तिथेच ओकली. सुपरवायझरनं तिच्याच ओढणीनं ती जागा पुसायला लावली.

त्या दुपारी मी माझ्या पिशवीतून दुसरी खुटी काढली. जास्तीची होती. सुनंदाच्या डाव्या बटणात मीच ठोकली. माझ्या हातानं. "काई नाई होत वं," मी म्हटलं. "सगळ्याच करून राहिल्या. फक्त डाव्या हातावर ध्यान ठेव."

त्यानंतर तिच्या गळ्यात कधी माळ पडली नाही.

चौथ्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ बाकी असताना, तिची पट्टी डायमध्ये चिकटली. डावा हात पट्टी सोडवायला आत गेला. उजवा हात सवयीनं बटणावर पडला. सवय म्हणजे काय, सकाळपासून शेकडो वेळा तेच. हाताला डोकं नसतं.

मी आवाज ऐकला. तो आवाज वेगळा होता. पत्र्याचा नव्हता, ओला होता. मी वळले. पंच वर गेला होता आणि सुनंदा हात समोर धरून बघत उभी होती. तळवा होता. अंगठा होता. बाकी नव्हतं. रक्त आधी आलंच नाही. मग एकदम आलं, पिचकारीनं आलं, माझ्या तोंडावर आलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, माहा हात पाह्य ना."

मी ओरडले. मी माझी मशीन बंद केली आणि तिला धरलं. बाकीच्या मशीन चालूच होत्या. काही बायकांना कळलं नव्हतं, काहींना कळूनही हात थांबला नाही. टारगेट.

सुपरवायझर धावत आला. त्याची कार समोरच उभी होती. मी म्हटलं, "साहेब, गाडी काढा." तो म्हणाला, "पागल है क्या? सीट खराब हो जाएगी." भंगार नेणारी पिकअप उभी होती. तीत पत्र्याच्या कातरणीवर पोतं अंथरलं आणि सुनंदाला चढवलं. मी चढायला गेले तर त्यानं माझा दंड धरून खाली ओढलं.

"तू कहां? डाय साफ कर पहले. दूसरी लड़की बैठानी है."

दुसरी मुलगी बसवायची आहे. त्याच मशीनवर. सुट्टीनंतर लगेच.

मी डायपाशी गेले. कापसाचा बोळा हातात. तिथे तिची चार बोटं होती. तीन पट्टीला चिकटलेली, एक बाजूला पडलेलं. त्यातल्या एकात पातळसं जोडवं... नाही, जोडवं पायात असतं. अंगठी होती, तांब्याची, नवस केलेली. इतकी वर्षं झाली नाहीत त्याला, तरी माझं डोकं अजून तिथे अडखळतं.

मला एवढं ऐकून माहीत होतं की बोटं जोडतात. बर्फात नेली तर जोडतात. बर्फ कुठला? मी माझा डबा उघडला. भाकर आणि भाजी जमिनीवर पालथी केली. बाटलीतलं पाणी ओतून डबा धुतला. बोटं त्यात ठेवली. झाकण लावलं आणि पळाले.

गेटवर वॉचमननं आडवा हात घातला. रोजच घालायचा. आम्ही बायका डब्यातून माल चोरून नेतो असा कंपनीचा समज होता, म्हणून बाहेर जाताना आमचे डबे उघडून बघायचे. परमनंटचे बघत नसत.

"गेटपास दिखाओ."

"सोड गा भाऊ, दवाखान्यात जाऊ दे."

"बिना गेटपास डबा बाहर नहीं जाएगा. रूल है. खोलो."

मी उघडला.

तो आमच्यासारखाच ठेक्यावरचा माणूस. वय झालेला. त्यानं आत बघितलं आणि आडवा हात खाली घेतला. खुर्ची धरून खाली बसला. गेट मीच ढकललं. रस्त्यावर पिकअप दिसत नव्हती. ऑटो मिळेपर्यंत किती वेळ गेला माहीत नाही. दवाखान्यात डॉक्टरनं डबा उघडला, पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "बाई, चेंदामेंदा झाला आहे. यात जोडण्यासारखं काही राहिलं नाही." त्यानं डबा परत माझ्या हातात दिला नाही. मीही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हो, गेले. घरी माय, शाळेत जाणारी मुलगी, नवरा केव्हाच सोडून गेलेला. मनाची तयारी होईपर्यंत चूल थांबत नाही. सुनंदाच्या मशीनवर नवी मुलगी बसली होती. डाव्या बटणात खुटी तीच होती. कडेला अजून काळपट डाग होता.

सकाळीच मला ऑफिसमध्ये बोलावलं. ऑफिसला जायचं तर एक नंबर शेडमधून जावं लागतं. मी त्या शेडमध्ये कधी नीट थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले. आमच्यासारख्याच प्रेस तिथेही होत्या, त्याच बनावटीच्या. पण प्रत्येक प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय पंच हलत नव्हता. हात आत घालायचा म्हटलं तरी जाणार नाही. माझ्या तोंडून निघालं, "ही कधी बसवली?"

मशीनवरचा म्हातारा परमनंट कामगार म्हणाला, "लय वर्सं झाली. आमच्यातल्या एकाचा हात गेला होता. मंग युनियननं मशीनीच बंद केल्या. जाळी बसली तवाच चालू झाल्या."

"मंग आमच्या शेडमंधी काहून नाई?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, खरं सांगू काय? जाळी लागली तर माल कमी निघते. मालकानं त्याचा तोटा कोठी भरून काढला? तुमच्या शेडमंधी. करारातच लिवलं हाय, धोक्याचं काम आमच्या मेंबरायले देयाचं नाई. मंग ते कोणाले देल्लं?"

युनियननं काय करता येतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. लोखंडाचं होतं, हात लावून बघता येत होतं. आणि युनियन अर्ध्यावर थांबली की काय होतं, तेही मी आदल्या दिवशी डब्यात भरून नेलं होतं. माझा बाप आठवला. त्याच्यावर इतकी वर्षं धरलेला राग आठवला. मला माझीच लाज वाटली.

ऑफिसमध्ये तिघं होते. सुपरवायझर, एक मोठे साहेब, आणि युनियनचा अध्यक्ष. अध्यक्ष सोफ्यावर चहा पीत होता. मला बस म्हणालं नाही कुणी. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मी वाचला. वाचेन असं त्यांना वाटलं नसावं. लिहिलं होतं की सुनंदानं वारंवार सूचना देऊनही स्वतःच्या मर्जीनं बटणात लाकूड अडकवलं, अपघात तिच्याच निष्काळजीपणामुळे झाला, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. खाली माझ्या सहीची जागा.

अध्यक्ष गोड बोलला. "ताई, आमचा पगाराचा करार तोंडावर हाय. अपघाताचं लफडं वर गेलं तर मालक सही करणार नाई. एवढ्या पोट्ट्यायच्या घरचा प्रश्न हाय. आन् तुमचंबी पाहतो ना. तुमाले परमनंट करून घेऊ."

परमनंट. निळा शर्ट. बस. जाळीवाली मशीन.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं, पण सांगते. माझा हात पेनाकडे गेला. त्या कागदात खुटी सुनंदानं लावली असं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. सही केली असती तर माझं पाप कागदानंच धुऊन टाकलं असतं. मी पेन उचललं होतं.

मग मी खाली ठेवलं. म्हटलं, "खुटी मी बनवली. सुनंदाच्या मशीनीत मीच ठोकली. तसं लिवा. साहेबानं पाह्यलं अन् शाबासकी देल्ली, तेबी लिवा. मंग टारगेट वाढवलं, तेबी लिवा. मंग मी सही करतो."

मोठे साहेब हसले. "अरे, तुझं नाव कशाला घालतेस मधे? तुला वाचवतोय आम्ही."

"मले नाई वाचाचं."

सुपरवायझर उठला. "नखरे मत कर. साइन नहीं तो अंगूठा लगा." त्यानं माझा उजवा हात पिरगाळला, अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते म्हातारपणी सही करायला शिकले होते. कोळशानं भिंतीवर गिरवून गिरवून. आमच्या घरात त्यानंतर कुणी अंगठा लावला नाही. कर्ज काढताना नाही, शाळेत नाव घालताना नाही, मयताच्या कागदावरसुद्धा नाही. आणि हा माणूस माझा शाई लागलेला अंगठा ओढत त्या खोट्या कागदाकडे नेत होता. दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या थोबाडीत मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा. अध्यक्ष छताच्या पंख्याकडे बघत होता.

अंगठा कागदाला टेकायला बोटभर अंतर राहिलं तेव्हा मी वाकले आणि माझ्या हातावरच्या त्याच्या हाताला चावले. त्याचा अंगठा माझ्या दातांत आला. मी सोडला नाही. त्यानं माझे केस ओढले, मी सोडला नाही. टेबलावर डोकं आपटलं, सोडला नाही. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. खारट, गरम. सुनंदाचं रक्त आदल्या दिवशी माझ्या ओठांवर होतं, तशीच चव. साहेबाचं असलं म्हणून वेगळं नव्हतं.

"हाथ गया! मेरा हाथ गया रे!"

तो असा बोंबलला की एक नंबर शेड थांबली. नुसते दात रुतले तर एक अख्खी शेड थांबली. सुनंदाची चार बोटं गेली तेव्हा दोन नंबर शेड चालू होती. हा हिशेब मला त्या क्षणी कळला आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी कागद उचलला, फाडला, आणि रक्ताच्या तोंडानं आमच्या शेडमध्ये गेले. भिंतीवर मेन स्विचचा दांडा होता. खाली ओढला. सगळ्या प्रेस एकामागून एक थांबल्या. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी बादली उचलली, नव्या मुलीच्या मशीनमधली खुटी उपसली आणि बादलीत टाकली. म्हटलं, "हे पाप माहं हाय. मी शिकवलं तुमाले. आता काढा. सगळ्या काढा. एक नंबरमंधी मशीनीले जाळी हाय, माह्या डोळ्यानं पाहून आली. आपल्याले काहून नाई?"

कुणी हललं नाही. वाटलं, संपलं. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली, जिच्या गळ्यात सगळ्यात जास्त वेळा माळ पडली होती. तिनं आपली खुटी उपसली. मग दुसरी. मग खडखड आवाज सुरू झाला. बादली भरली.

पोलीस आले. मलाच घेऊन गेले. साहेबाचा अंगठा चावला म्हणून माझ्यावर केस झाली. सुनंदाची चार बोटं गेली, त्याची केस मात्र कुणावरही झाली नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जामिनावर सुटले तर ठेकेदारानं मला कामावरून काढलं. हिंगण्यातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गेटवर गेले तर माझं नाव माझ्या आधी पोचलेलं असायचं. "वो काटनेवाली," म्हणायचे आणि गेट लावून घ्यायचे.

आठ दिवसांनी दवाखान्यात सुनंदाला भेटायला गेले. ती खाटेवर बसून होती. डावा हात बँडेजनं गाडग्याएवढा झालेला. तिला ऑफिसमधलं सगळं कळलं होतं. मला बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, "ताई, तू माह्यासाठी लढली वं."

मला ते गोड शब्द घेता आले असते. मी घेतले नाहीत.

"सुनंदा, खुटी मी ठोकली होती. काई नाई होत म्हणून मीच बोलली होती. तुहा हात माह्यामुळं गेला."

मग तिनं मला जवळ बोलावलं. मी वाकले. उजव्या हातानं तिनं माझ्या कानशिलात अशी लगावली की कान सुन्न झाला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"हे तुह्यं झालं," सुनंदा म्हणाली. "आता त्यायचं बाकी हाय. ते तू नाई केलं तर मले तोंड दाखवू नको."

तिनं मला माफ केलेलं नाही. आजही नाही. आम्ही दोघी सोबत बसतो, कागद करतो, बायकांच्या घरी फिरतो, पण ती मला आता ताई म्हणत नाही. ते माझं नुकसान मी भरून मागत नाही.

दोन नंबर शेडच्या बायकांची वेगळी युनियन करायची ठरली आणि अपघाताची तक्रार आम्ही सरकारकडे दिली तेव्हा अध्यक्ष माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाई, वेगळी चूल मांडू नका. आमच्यात या. फक्त ते अपघाताचं मागं घ्या. तुमीच कबूल करून राहिल्या का खुटी तुमी बनवली. फासात तुमचीच मान जाईन."

मी म्हटलं, "भाऊ, जाळी तुमी लढून आणली. त्याच्यासाठी तुमाले मानतो. पण तुमची जाळी आमच्या हातावर उभी हाय. आधी ते कबूल करा, मंग आपण एका चुलीवर जेवू."

तो गेला. त्याच्या मागं माय आतून म्हणाली, "काय म्हणत होता तो?" मी म्हटलं, बापासारखं व्हायला नको म्हणत होता. मायनं माझ्यासाठी भाकर थापायला घेतली.

कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात मी आणि सुनंदा गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, कंटाळलेला. माझा जबाब लिहून घेत होता. लाटण्याच्या मुठीपर्यंत आला आणि थांबला. पेन वर धरून म्हणाला, "बाई, हे असं लिहिलं तर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. तुमचं नाव वगळू का?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिचा डावा हात पदराखाली होता.

"वगळू नका," मी म्हटलं. "सगळ्यात वर माहंच लिवा. त्याच्या खाली सुपरवायझर, मंग ठेकेदार, मंग मोठे साहेब, मंग मालक. एकेक करून सांगतो. जागा ठेवा."

त्यानं पान उलटलं आणि लिहायला लागला.